गिलच्यांची बाजू

मी गिलच्यांची, म्हणजे पानिपतातल्या अफगाणांची, बाजू घ्यायचे, कारण दुसरं कुणी घेईना.

आमच्या ह्यांना पानिपतचं वेड होतं. नुसतं वाचायचं आणि चार माणसांत बोलायचं वेड असतं तर चाललं असतं, पण ह्यांनी पानिपत घरात आणलं. शहापूरच्या आमच्या दोन खोल्यांत, दिवाणावर प्लायवूडची फळी टाकून, तिच्यावर हिरवी चादर अंथरून, शिशाचे अंगठ्याएवढे सैनिक समोरासमोर उभे करायचे. चादरीखाली वह्या घातल्या की टेकड्या झाल्या. माझ्या एका निळ्या साडीचा काठ कापून यमुना केली, तीही मला न विचारता.

हे सगळं सुरू झालं कल्याणच्या रद्दीत मिळालेल्या एका परदेशी मासिकावरून. त्यात टक्कल पडलेले, पोट सुटलेले साहेबलोक टेबलाभोवती उभे राहून इवल्या फौजा लढवत होते. हे मुरबाडला एमआयडीसीत स्टोअरमध्ये होते. मासिक दाखवून म्हणाले, बघ, ही शहाणीसुरती माणसं आहेत. मग हायवेवरच्या टायरवाल्यांकडून गाड्यांच्या चाकाला लावायचे शिशाचे तुकडे येऊ लागले. मुरबाडच्या गणपतीच्या कारखान्यात जाऊन हे प्लास्टरचा साचा करायला शिकले आणि पहिलं शिसं वितळवलं ते माझ्या दुधाच्या पातेल्यात. त्या दिवशी मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी परसात वेगळी चूल मांडली.

भाले खराट्याच्या हिरांचे. रंग ऑइलपेंटचा, झिरो नंबरच्या ब्रशने. पण ह्यांच्या हातचे मावळे सगळे डोळे आल्यासारखे लालभडक दिसायचे. मी म्हटलं, आणा इकडे. रांगोळीचा हात होता माझा, मला जमलं. पुढे ह्यांनी ओतायचं आणि मी रंगवायचं असंच ठरून गेलं. गिलच्यांचे लांब झगे, केसाळ टोप्या, उंटांवरच्या लहान तोफा हे सगळं माझं काम. हळदीकुंकवाला आलेल्या बायका विचारायच्या, मुलांचं का गं हे? आम्हाला मूल नव्हतं, हे त्यांना माहीत असायचं. मी तिळगूळ हातावर ठेवायचे आणि विषय बदलायचे.

फौजा तयार झाल्या तरी गिलचा व्हायला माणूस मिळेना. ह्यांचे साडू म्हणाले, मी बाकी काय पण होईन, गिलचा होणार नाय. कंपनीतला एकजण तयार झाला, पण तो आपले घोडेस्वार मुद्दाम यमुनेत नेऊन बुडवायला लागला. आपल्याच माणसांना मारायला त्याचा हात धजत नव्हता. ह्यांच्या ते लक्षात आलं तसे ह्यांनी खेळ अर्ध्यावर आवरला. त्याला चहा पाजला, स्टँडपर्यंत सोडलं आणि घरी येऊन मला म्हणाले, "खोटं खेळायचं तर खेळायचंच कशाला?"

म्हणून मी. दर संक्रांतीला दुपारी जेवणं झाली की आमचं पानिपत व्हायचं. ह्यांनी दोनशेपानी वहीत नियम लिहिले होते. तुकडी पाच जणांची. दोघांनी फासा टाकायचा, ज्याचा मोठा त्याची तुकडी टिकली, दुसऱ्याची मेली. मराठ्यांची निम्मी फौज फळीच्या दक्षिणेच्या कडेपर्यंत पोचली की मराठे जिंकले. फासा घरंगळत जाऊन सैनिकांना धडकायचा, रंग उडायचा, म्हणून दोघांनी आपापल्या टोकाला स्टीलची वाटी ठेवली होती. वाटीत टाकायचा आणि आकडा मोठ्याने सांगायचा. चार हातांवरून दुसऱ्याचा फासा कुणाला दिसत नसे, आणि बघायला कुणी उठतही नसे.

हे दर वर्षी हरायचे. मी काही दयामाया दाखवली नाही, खोटं कशाला सांगू, मला जिंकायला आवडायचं. हे चिडत नसत. कुठं चुकलं ते वहीत लिहायचे आणि वर्षभर त्यावर विचार करायचे.

मग एका गणपतीत ह्यांना मुरबाडच्या स्टँडवर छातीत कळ आली. ठाण्याच्या हॉस्पिटलात तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, तीन नळ्या चोंदल्यात, बायपास करावी लागेल आणि फार लांबवू नका. हे म्हणाले, करायची नाय. कंपनीतला एक माणूस तसल्याच ऑपरेशनला गेला होता आणि परत आलाच नव्हता, ते ह्यांच्या मनात बसलं होतं. मी समजावलं, रडले, भांडले. माझा भाऊ येऊन दोनदा बोलून गेला. हे भिंतीकडे बघून गोळी गिळायचे.

दिवाळी गेली. हे घरीच होते. परसाच्या दोन पायऱ्या चढले तरी ओठ निळे पडायचे. रात्रीच काय, दुपारीही जरा डोळा लागला की मी जवळ जाऊन छाती वरखाली होतेय ना ते बघायचे. भाजी आणायला बाहेर पडले तरी निम्म्या वाटेवरून परत फिरावंसं वाटायचं. आणि हे काय करत होते, तर वहीत पानिपत मांडत होते. या वेळी बायकापोरं मध्ये घ्यायची, भोवती गोल बांधायचा, आणि घोडदळाने काही झालं तरी पुढे धावायचं नाही.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी, मी तीळ भाजत असताना, हे दारात उभे राहिले. म्हणाले, "उद्या निम्मी फौज बाहेर निघाली तर करू ऑपरेशन. नाय निघाली तर परत विषय काढायचा नाय."

माझा हात कढईला भाजला. हे जन्मात कधी देवळात कौल लावायला गेले नव्हते, कुणी गेला तर हसायचे, आणि आता जिवाचा कौल त्या फाशावर टाकून मोकळे झाले. मी म्हटलं, अहो, हा काय पोरखेळ आहे? तर म्हणाले, शब्द दिला. ह्यांचा शब्द म्हणजे शब्द, ते मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी मला जेवण गेलं नाही. फळीच्या दक्षिणेला मी बसले, माझ्याकडे तोंड करून ह्यांचा गोल उभा राहिला. पहिला फासा टाकला. सहा पडले. वाटीत सहा ठिपके माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, "दोन."

ह्यांनी वहीत दोन लिहिले. पुढच्या वेळी पाच पडले, मी तीन सांगितले. मग एक, मग परत दोन. सारखे लहानच आकडे सांगितले तर संशय येईल म्हणून मध्ये एकदा खरे पाच सांगितले, आणि त्या पाचाने ह्यांचे पाच भालेकरी मेले. नको तेवढी अक्कल चालवली असं झालं मला. घामाने फासा हातातून निसटत होता. गोल हळूहळू सरकत होता. मी रंगवलेली माझीच माणसं मी एकेक करून आडवी करत होते आणि तोंडाने अरेरे म्हणत होते. चार वाजता ह्यांची निम्मी फौज कडेला लागली.

 ह्यांनी वहीत 'जिंकलो' लिहिलं, त्याखाली दोन रेघा ओढल्या. मग म्हणाले, भावाला कळव, तारीख घ्यायला सांग.

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडले. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण खरा घोर तिथून लागला. ऑपरेशनला माणूस आपल्या मर्जीने जातो, ह्यांना मी फसवून पाठवत होते. काही कमीजास्त झालं तर? त्या कंपनीतल्या माणसासारखं झालं तर? हॉस्पिटलच्या बाकावर भाऊ चहा आणून देत होता, तो मला दिसतही नव्हता. मला वाटीतले सहा ठिपके दिसत होते. साडेपाच तास लागले. डॉक्टर बाहेर आले, सगळं ठीक झालं म्हणाले, तर मी त्यांना परत विचारलं, आणि परत.

हे बरे झाले. कंपनीत जायला लागले, परसातली चूल पेटली, घोडे वाढले. आणि पुढच्या संक्रांतीला तोच गोल, तीच चाल मांडली. हरले. त्याच्या पुढच्या वर्षीही हरले. मी आता खरे आकडे सांगत होते. वाटलं होतं, एका खोट्याने काम झालं, संपलं. पण हे वर्षभर डोकं धरून बसायचे, त्या वर्षी निघालो तसं आता का निघता येत नाय? भेटेल त्याला सांगायचे, पानिपतातून सुटता येत होतं, मी काढलंय बाहेर. ते ऐकलं की मी उठून आत जायचे. खोटं खेळायचं तर खेळायचंच कशाला, हे त्यांचं वाक्य मला भांडी घासतानाही ऐकू यायचं.

अशी सात वर्षं गेली. सातव्या संक्रांतीला फळी मांडून झाल्यावर हे जुनी वही घेऊन बसले. इतकी वर्षं ते स्वतःच्याच चाली तपासत होते, माझ्या आकड्यांच्या रकान्याकडे त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. त्या दिवशी बघितलं. बोट खालपर्यंत नेलं, परत वर आणलं. चष्मा काढला.

"ह्या आकड्यांत सहा एकदा पण नाय," म्हणाले. "तू खरं सांगत होतीस ना गो?"

मी म्हटलं, "नाय."

त्यांचा हात शर्टावरून छातीच्या व्रणाकडे गेला. सवयच होती ती, तरी माझी नजर गोळ्यांच्या डबीकडे गेली. वाटलं, सात वर्षं जपलं आणि आता मीच घालवते की काय.  त्यांनी पेन काढून 'जिंकलो' खोडलं आणि वर 'हरलो' लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच सरळ होतं.

"म्हणजे मी हरलेला माणूस जगतोय," म्हणाले. मग वही मिटत, "बरं केलंस. पण मला सांगायचं होतंस."

 त्यांनी माझ्यापुढची वाटी उचलली, स्वयंपाकघरात ठेवून आले आणि येताना जेवणाचं ताट आणलं. ते फळीच्या मधोमध, यमुनेच्या काठावर ठेवलं. त्यासाठी चार घोडेस्वार बाजूला सरकवावे लागले.

ह्यांचे चार पडले, मग मी फासा टाकला. तो ताटात वाजत राहिला, थांबला. मी तोंड उघडणार तेवढ्यात हे वाकले, चष्मा सावरला आणि स्वतः बघून म्हणाले, सहा. आपले पाच मावळे आपल्या हाताने उचलले.

तेव्हापासून माझा फासा तेच वाचतात.