परक्या माणसाच्या हातातला दोर

आबांना पोहता येत नव्हतं. खाडीकाठी जन्मलेला, सागाची फळी एकट्याने खांद्यावर टाकून बांधावरून चालणारा हा उंचापुरा माणूस गुडघाभर पाण्यात उतरायचं म्हटलं की पांढराफटक पडायचा. आबा माझे सासरे. डोंबिवलीच्या खाडीकडच्या अंगाला आमची खारीतली, बांध घालून खाडीपासून राखलेली भातशेती होती आणि शेतीच्या जोडीला आबांची सुतारकी. सुतारकी कसली, तर उघाड्या बनवायची. खाडी आणि शेत यांच्यामध्ये मातीचा बांध असतो. त्या बांधात बसवलेलं लाकडी दार म्हणजे उघाडी. ओहोटीला ती शेतातलं पावसाचं पाणी बाहेर सोडते, भरतीला खाडीच्या रेट्याने आपोआप मिटते. आसपासच्या गावांतल्या बहुतेक उघाड्या आबांच्या हातच्या. जन्मभर ज्या पाण्याची धास्ती घेतली, त्याच्याच दारात बसून या माणसाने धंदा केला.

मी ठाण्याला वागळे इस्टेटच्या चाळीत वाढले. माझ्या माहेरी नळाला पाणी आलं की बायका हंडे घेऊन आनंदाने धावायच्या. सासरी पहिल्याच आठवड्यात आबांनी भर जेवणात विचारलं, "सूनबाय, आज तिथी कंची?"

मला वाटलं, उपास वगैरे असेल. "ठाऊक नाही," म्हटलं. आबांनी घास परत ताटात ठेवला.

"खाडीच्या घरान तिथी ठाव नाय, असा चालाचा नाय. पुनवंला नि अवसंला उधान येतं. उधानाला बांध फुटतं."

त्या रात्रीपासून माझी झोप उडाली ती उडालीच. सकाळी आबा अनवाणी बांधावर जायचे. खेकडे बांधाला भोकं पाडतात, ती डोळ्यांना दिसत नाहीत, पण पाणी झिरपलं की तळपायाला गार लागतं. गार लागलं की आबा तिथेच उकिडवे बसायचे, चिखलाचा गोळा दाबून बसवायचे आणि मग तळहात तिथे ठेवून बराच वेळ थांबायचे. गाव त्यांना तोंडावर 'भित्रा सुतार' म्हणायचं. मीही मनात तेच म्हणायचे. भीतीसुद्धा सर्दीसारखी लागते, आणि मला ती आबांकडून लागली होती याचा मला भयंकर राग होता.

उघाडीत काही अडकलं की ते काढायला आत उतरावं लागे. उतरताना आबा कमरेला दोर बांधत आणि दुसरं टोक बांधावरच्या माणसाच्या हातात देत. हा माणूस घरचा कधीच नसे. मुलगा विनोद शेजारी उभा असला तरी आबा त्याला मागे हटवत आणि पलीकडच्या गावातल्या कुणाला तरी बोलावून आणत. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात असं कुणी मिळालं नाही, तेव्हा त्यांनी दोर माझ्या हातात दिला.

"मी? विनोद आहे की इथे!"

"त्यो नको. तू अजून परकी हायस, तूच धर."

मला ते चांगलंच झोंबलं. घरी आल्यावर मी विनोदशी कडाकडा भांडले. तेव्हा त्याने सांगितलं. आबा सात वर्षांचे असताना त्यांचा काका उघाडी साफ करायला उतरला. दोर आबांच्या वडिलांच्या हातात होता. काका बुडताना दिसला तशी वडिलांनी दोर टाकला आणि मागोमाग उडी मारली. सात वर्षांचं पोर बांधावर एकटं उरलं. त्यानंतर आबांचं एकच म्हणणं: "आपला मानूस दोर धरून रेत नाय, उडी टाकतं. मंग एकाच्या जागी दोन जातान."

चार-पाच पावसाळे दोर मी धरला. तोवर आजूबाजूच्या शेतांवर इमारतींसाठी मातीच्या भरणीचे ट्रक फिरायला लागले होते. कुणाकुणाचं बांधकामाचं डेब्रिज खाडीत ओतलं जायचं आणि वाहत वाहत आमच्या उघाडीत येऊन बसायचं. भाद्रपदातल्या अमावास्येला दुपारी पाहिलं तर सिमेंटचा एक मोठा तुकडा चौकटीत अडकलेला, दार मिटेना आणि भरती लागलेली. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की दोन-तीन वर्षं तिथे भाताचं नाव घ्यायला नको. आबा पहार घेऊन उतरले. ओठ थरथरत होते. पाणी छातीला लागलं, मग गळ्याला. तुकडा निसटला, त्याच क्षणी दार धाडकन मिटलं आणि आबांचा डावा हात दारात सापडला.

मान वर करून ते नुसते श्वास घेत राहिले. पाणी हनुवटीला आलं. विनोद पुढे धावला, मी किंचाळले, "तिथेच थांब!" उजव्या हाताने पहार फटीत घालून आबांनी जोर केला, पाणी तोंडावरून गेलं, हात सुटला आणि दोर एकदम हलका झाला. मी ओढत सुटले. आबा वर आले. डाव्या हाताची दोन बोटं चेचली होती.

बांधावर पडल्या पडल्या ते माझ्या पायांकडे बघत राहिले. मीही खाली पाहिलं. मी मांडीपर्यंत पाण्यात उभी होते. कधी उतरले, मला आजही आठवत नाही.

"तू उडी टाकनार व्हतीस," आबा म्हणाले.

"नाही हो आबा."

"टाकनार व्हतीस. आता तू बी आपली झालीस. तुझ्या हातान दोर दिवाचा नाय."

सासऱ्याने आपली म्हटलं की कोणत्याही सुनेला आनंद व्हावा. मी मात्र हातातल्या ओल्या दोराकडे बघत राहिले. आता दोर कुणाकडे? पलीकडच्या गावातल्यांनी शेती केव्हाच सोडली होती.

आबा गेले ते दोन वर्षांनी, घरच्या खाटेवर, साध्या तापाने. पण त्यांची आठवण आली की मला ती खाट दिसत नाही. दिसतो तो बोटं चेचल्याच्या पुढच्या वर्षीचा उधाणाचा दिवस, त्यांच्या शेवटच्या उतरण्याचा. उघाडी पुन्हा अडली होती. आबा नव्या टॉवरच्या वॉचमनला घेऊन आले. दोन दिवसांपूर्वी कामावर लागलेला, बिहारचा, तंबाखू मळत उभा.

"मैं तेरा कोई लगता क्या?" आबांनी विचारलं.

"नहीं, चाचा."

"चाचा मत बोल. दोर पकड."

विनोदला आणि मला त्यांनी दहा पावलं मागे उभं केलं. माझे हात रिकामे होते, आणि रिकाम्या हातांचं काय करायचं ते मला कळत नव्हतं. विनोदने माझं मनगट आवळून धरलं होतं. मला आवरायला की स्वतःला, कोण जाणे. आबांचं डोकं पाण्याखाली गेलं. वॉचमन शांतपणे तंबाखू चघळत दोर सोडत होता. मला त्याचा जीव घ्यावासा वाटला. खाडीचं पाणी बांधाच्या कडेला डुचमळत होतं आणि आबा काही केल्या वर येत नव्हते.

मग ते आले. खोकत, नाकातोंडातून पाणी गाळत. डोळे उघडल्यावर त्यांनी वॉचमनकडे पाहिलं नाही की मिटलेल्या दाराकडे पाहिलं नाही. त्यांनी आमचे पाय पाहिले. कोरडे आहेत म्हटल्यावर त्यांचे ओठ थरथरायचे थांबले.