अकरा घरांचं गाव

अकराघरे काकांना कुणी "तुम्ही मूळचे कुठले?" असं विचारलं, की ते बेधडक इंग्लंडमधल्या एका वाडीचं नाव सांगत. हॅझलकोट. एखाद्या गोऱ्याने सांगितलं असतं तर ठीक होतं. पण झब्बा-पायजमा घालून वरणभात ओरपणारा हा मराठी डॉक्टर! ऐकणारा आधी हसे आणि मग माझ्याकडे बघे, कारण काकांची नक्कल मी झकास करतो हे अमेरिकेतल्या आमच्या नोव्हाय गावच्या सगळ्या मराठी घरांना ठाऊक होतं. 'अकराघरे' हे नावही मीच ठेवलेलं. खरं आडनाव वेगळं होतं.

त्या वाडीत घरं अकरा. अमेरिकेत येण्याआधी काकांनी तिथे सात वर्षं डॉक्टरकी केली होती. वडिलांची पोस्टातली बदलीची नोकरी, त्यामुळे आपल्याकडे त्यांना गाव असं नव्हतंच. हॅझलकोटचं वर्णन नेहमी रस्त्यापासून सुरू होई. "रस्ता एकच. टेकडी उतरतो, चर्चला वळसा घालतो आणि पाणचक्कीपाशी संपतो. पुढे जायचं तर ओढा ओलांडा, नाहीतर चहाला थांबा." मग एकेक घर येई. यजमानीणबाईंचे बटाटेवडे गार होत आणि काका अजून सहाव्या घरात असत.

इतिहासही तोंडपाठ. पूर्वी तिथे चाळीस घरं होती. जमीनदाराला माणसांपेक्षा मेंढ्या बऱ्या वाटल्या, त्याने वरची आळीच उठवली. आता तिथे नुसतं कुरण. पण काका म्हणत, "संध्याकाळी उन्हं तिरकी झाली की गवतात उंचवटे उमटतात. जोती दिसतात हो घरांची! गाव उठतं, जमीन विसरत नाही." एकदा त्यांनी मलाच विचारलं, "तुमच्या गावची नदी पुढे कुठे मिळते?" मला सांगता आलं नाही. तो राग मी पुढच्याच पार्टीत नक्कल करून काढला. लोक पोट धरधरून हसले.

ऐंशीच्या दशकातले ते दिवस. आमचा गणपती एका शाळेच्या कॅफेटेरियात बसे. एका वर्षी मी मंडळाचा सेक्रेटरी झालो आणि 'आमचं गाव' असा कार्यक्रम काढला, प्रत्येकाला दहा मिनिटं. पहिलं नाव काकांनी दिलं. त्यांनी मोठ्या कागदावर रंगीत नकाशा काढला होता. ओढा निळा, प्रत्येक घरावर मालकाचं नाव. चर्चच्या भिंतीलगत मात्र एक छोटंसं वर्तुळ होतं, त्यावर नाव नव्हतं.

"हे काय, काका?"

"ते त्या दिवशी सांगतो. सगळ्यांना एकदमच."

कमिटीत कुणी तरी म्हणालं, "यार, गणपतीपुढे इंग्रजांचं गाव? लोक वॉकआउट करतील." मी फार विचार न करता नाव खोडलं. काकांना आधी फोन करायचीही हिंमत झाली नाही. ते इस्त्रीचा झब्बा घालून, नकाशाची गुंडाळी काखेत घेऊन आले, तेव्हा दारातच म्हणालो, "सॉरी काका, टाइम फार शॉर्ट आहे. तुमचं कॅन्सल करावं लागलं." धडधडीत खोटं होतं ते. "असू दे, असू दे," म्हणत ते शेवटच्या रांगेत जाऊन बसले. मी माझ्या गावावर सतरा मिनिटं बोललो. नदीवर तर फारच गहिवरून. काकांनी मनापासून टाळ्या वाजवल्या.

पार्किंग लॉटमध्ये काकू एकट्या गाडीपाशी उभ्या होत्या. त्यांनी मला हाक मारली.

"आमची मुलगी आहे तिथे," त्या म्हणाल्या. "अठरा दिवसांची गेली. एवढ्याशा जिवाला आपल्यात अग्नी देत नाहीत, आणि परक्या देशात पुरायचं कुठे? त्या अकरा घरांनी चर्चच्या भिंतीलगत जागा दिली. चक्कीवाल्याने स्वतः खड्डा खणला. इतक्या वर्षांत हे कुणाजवळ बोलले नाहीत. आज बोलणार होते."

पुढच्या रविवारी मी माफी मागायला गेलो आणि चहा पिऊन परत आलो. निघताना काकांनीच विचारलं, "पुढच्या वर्षी द्याल दहा मिनिटं?" मी म्हणालो, "पहिलं नाव तुमचं, काका." त्याच हिवाळ्यात, दारातला बर्फ काढताना, ते गेले.

पुन्हा गणपती आला. काकूंना विचारून मी तो नकाशा कॅफेटेरियाच्या भिंतीला लावला आणि माइकपुढे उभा राहिलो. काकू पहिल्या रांगेत होत्या.

"रस्ता एकच," मी सुरुवात केली. "टेकडी उतरतो, चर्चला वळसा घालतो..."

आणि सगळा हॉल हसला. लोकांचं काही चुकलं नव्हतं. काकांची आठवण म्हणून मी नक्कल करतोय असं त्यांना वाटलं. हीच वाक्यं ऐकून हसायचं हे मीच त्यांना इतकी वर्षं शिकवलं होतं; माझा आवाजसुद्धा सवयीने काकांचाच लागला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी माइकपासून बाजूला होऊ लागलो.

काकू हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. हशा ओसरेपर्यंत नकाशाकडे बघत राहिल्या. मग जागेवरूनच म्हणाल्या, "थांबू नका. चर्चच्या भिंतीपर्यंत तरी या."