गवतापासून क्षितिजापर्यंत

धूसर या शब्दावर इतका राग असलेला माणूस अख्ख्या मुंबईत दुसरा सापडायचा नाही. परळच्या चाळीत आमच्या शेजारच्या खोलीत राहणारे हे काका बँकेतून निवृत्त झाले आणि त्यांनी एक वाइड अँगल लेन्स घेतली. तेव्हापासून पायाखालच्या गवतापासून पार क्षितिजापर्यंत सगळं एकाच फोटोत लख्ख दिसलं पाहिजे, एवढाच त्यांचा जगाकडे आग्रह उरला. माझ्या मोबाइलमधला, मागचं सगळं विरघळवून टाकणारा फोटो पाहून ते म्हणाले, "अरे, तुझ्या चेहऱ्यासाठी मागचं जग पुसायचं? असं काय आहे रे तुझ्या चेहऱ्यात?" माझ्या मुलीच्या बारशालाही त्यांनी तीच लेन्स आणली. फोटोत पोरीचा तळपाय पातेल्याएवढा आला, तिची आई कोपऱ्यात काडीसारखी आली, पण समोरच्या गच्चीवरचे पापड मात्र एकेक करून मोजून घ्यावेत. काकांनी भिंगातून पापड तपासले आणि ते तृप्त झाले.

डोंगर-आकाशाचे फोटो मात्र ते जीव ओतून काढत. आठवड्यातून एकदा उजाडता उजाडता शीवचा किल्ला गाठायचा, ट्रायपॉड रोवायचा, अपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, अगदी बारीक करायचं. फोकस ना जवळच्या दगडावर, ना लांबच्या डोंगरावर; मधल्या एका नेमक्या जागी. तिथे गवताखेरीज काही नसे, म्हणून काकूंना उभं करत. त्यांच्या साडीच्या काठावर फोकस जुळला की काका ओरडत, "अगं, बाजूला हो!" काकू बाजूला होत आणि मग बटण दाबलं जाई. त्यांच्या खोलीतला प्रत्येक फोटो असा काकूंच्या भरवशावर स्वच्छ आलेला, आणि काकू एकातही नाहीत. "एकदा तरी मला राहू द्या की त्यात," काकू म्हणत. "फ्रेम बिघडते," काका म्हणत. मला तेव्हा काकांचा रागच यायचा.

गेल्या थंडीत मीही त्यांच्यासोबत गेलो होतो. काकूंचे गुडघे कुरकुरायला लागले होते, चढताना त्या सारख्या थांबत होत्या. फोकस जुळला, "अगं, बाजूला हो!" झालं, आणि काकू जागच्या हलल्याच नाहीत. एरवी आमच्याशी शहरी बोलणाऱ्या काकू हातवारे करत सरळ मालवणीत कडाडल्या, "मी आता हलूचंय नाय! गुडघे दुखतत माझे. मी काय खुर्ची आसंय, उचलून बाजूक ठेवूक? काढा माझ्यासकट!" उजेड कमी होता, तेवढ्या बारीक अपर्चरला शटर चांगलं सेकंदभर उघडं राहणार होतं; तेवढ्यात जे हलेल ते धूसर येणार होतं. काका घुटमळले, आणि त्यांनी बटण दाबलं. काकूंचं बोलणं चालूच होतं.

त्यानंतर डॉक्टरांनी काकूंना चढ बंद केला. काका आता एकटेच जातात, काकूंच्या जागी छत्री रोवून फोकस जुळवतात. फोटो पूर्वीइतकेच स्वच्छ येतात, पण ते भिंतीवर लागत नाहीत. भिंतीवर सध्या एकच मोठा फोटो आहे. गवताचं पातं न् पातं, मिठागरं, पलीकडचे डोंगर, सगळं लख्ख. आणि मधोमध काकू, चेहरा नि हात पार हललेले.

"काका, हा धूसर तुम्हाला कसा चालला?" मी विचारलं.

काकांनी भिंग उचललं, काकूंच्या चेहऱ्यावर धरलं आणि बराच वेळ तिथेच ठेवलं.

"धूसर कुठे रे," ते म्हणाले. "बोलतेय ती."