तुळसाबाईची आगाऊ भांडणं

तुळसाबाईच्या तोंडी लागायची महागावच्या त्या गल्लीत कोणाची छाती नव्हती. ती नळावर हंडा घेऊन आली की बाया मुकाट रांगेत उभ्या राहत. अशा बाईला कॅन्सर निघाला, अन् दवाखान्यातली नर्स म्हणते कशी, "किमोनं तोंड येईल, मावशी. बोलवणार नाही. आतापासून मऊ ब्रश, मिठाच्या गुळण्या, तिखट बंद."

केस जातील म्हटल्यावर तुळसाबाई हसली होती. "जाऊ दे, उवा तरी उपाशी मरतीन." पण बोलणं बंद? तिचा चेहराच उतरला. आता लोक येणार, डोक्यावरून हात फिरवणार, 'बिचारी' म्हणणार! तिला आजारापेक्षा त्या शब्दाची जास्त भीती वाटली.

नवरा उकंडा ब्रश अन् मुगाची डाळ आणायला धावला, अन् ही बया निघाली पुढची सगळी भांडणं आधीच उरकून घ्यायला. फुलचंद दुकानदाराला पुढच्या महिन्यात वजनात काटा मारण्याबद्दल आजच झापलं.

"अवो, पण मी अजून मारलाच नाही!"

"मारशीन ना! तुले मी ओळखतो."

शेजारीण बेबीताईचं भांडण तिनं शेवटी राखलं होतं. बेबीताईच्या कोंबड्या हिची वाळत घातलेली तूर टिपत, त्यावरून लगीन होऊन आल्यापासून दोघींचं हाडवैर. तुळसाबाईनं पदर खोचला अन् सुरू झाली. बेबीताई मात्र डोळे पुसत म्हणाली, "राहू दे तुळसे. तुले कायले त्रास?"

"तूबी कीव करून राह्यली माही?" तुळसाबाई तशीच मागं फिरली. घरी येऊन ती ढसाढसा रडली.

किमो झाला, तोंड आलं. पाणी गिळवेना. भेटायला येणारे कुजबुजत, अन् ती भिंतीकडे तोंड करून पडून राही.

एका सकाळी कुंपणापलीकडून आरोळी आली. "अवं ए तुळसे! तुह्या शेवग्याचा पाला माह्या अंगणात काहून पडते? तोंड आलं म्हणून तुले सोडीन का मी? ये बाहेर!"

"बेबीताई, जरा हळू—" उकंडा मधे पडला. तुळसाबाईनं त्याला बाजूला सारलं, टकलाला फडकं गुंडाळलं, अन् ताट-उलथनं घेऊन कुंपणाशी असं बडवलं, असं बडवलं, की कोंबड्या थेट छपरावर!

"हं, आता कशी तुळसा दिसली," बेबीताई म्हणाली. डोळे तिचे भरले होते. "बाकीचं उद्या भांडू."

तुळसाबाईनं आणखी एकदा ताट वाजवलं. शेवटचा शब्द तिलाच पाहिजे होता.