मान डोलावणारा पाहुणा

पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला मी एक यंत्रमानव केला होता. थर्माकोलचं तोंड, डोळ्यांत पिवळे बल्ब आणि रिक्षाच्या वायपरच्या मोटरवर डोलणारी मान. चतुर्थीच्या सुट्टीत तो आचऱ्याला घरी आणला, तर आईने त्याला बाबांचा जुना सदरा घालून खुर्चीत बसवलं. "पावण्याक चाय दी गो," असं मला सांगून स्वतःच हसत सुटली.

बाबा भजनाचे बुवा. आदल्या वर्षी डबलबारीत, दोन बुवांच्या सामन्यात, नव्या चालीचा अभंग ते भर मांडवात विसरले होते. तेव्हापासून पेटीला हात नाही. आमच्या गणपतीपुढे पहिलं भजन मात्र त्यांचंच असायचं, आणि मंडळींनी हट्टाने तोच अभंग ठरवला होता. बाबा गातात की नाही, याचा घरात सगळ्यांना घोर.

शेवटी एका दुपारी ते पेटी घेऊन बसले. समोर पाहुणा मान डोलावतोय. तोंडात बसलेला जुना अभंग घेतला, तर असा चेव चढला की शेजारी कुंपणाच्या गडग्यापाशी येऊन उभे राहिले. नवी चाल घेतली आणि नेमक्या त्याच ओळीवर गाडी अडली.

"हयसून काड गो ह्येका! टकामका बघता माझ्याकडे!"

मेलं थर्माकोल ते, पण त्याच्यापुढे बाबांचे कान लाल झाले होते. मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं. मी त्याच्या तोंडावर पंचा टाकला. पंचा असेपर्यंत चाल बिनचूक जमली. पक्की बसल्यावर एके दिवशी बाबांनी आपणहून पंचा ओढून काढला.

चतुर्थीला घर भरलं. शेजारच्या काकांनी सगळ्यांच्या कपाळाला अष्टगंध लावताना पाहुण्यालाही लावलं आणि वर नमस्कार केला. बाबांनी अभंग उचलला आणि वीज गेली. पाहुण्याचे डोळे विझले, मान थांबली. समईच्या उजेडात बाबा डोळे मिटून गात राहिले. ती ओळ आली तेव्हा मी आईचा हात घट्ट धरला. ओळ नीट पार पडली, अभंग संपला, आणि आई पदराने डोळे टिपत उसळ वाढायला उठली.

इतक्यात वीज आली. पाहुणा पुन्हा डोलायला लागला. बाबांनी उसळीची वाटी खाली ठेवली.

"ह्येणा आयकूक नाय," पाहुण्याकडे बोट करून म्हणाले, आणि पेटी पुढे ओढली. "परत घेवया."