गणपतीचं की दिवाळीचं

बाई गेल्याचा फोन दवाखान्यात आला तेव्हा मी फोनवरच्या माणसाशी भांडले. त्यांचा भाचा होता तो, मुंबईहून बोलत होता, बिचारा रडवेला झालेला, आणि मी त्याच्यावर खेकसत होते, "काहीतरी बोलू नका, परवा तर त्यांचं पत्र आलंय, सोमवारी मुंबईहून निघते म्हणून!" त्याने तेच वाक्य तीनदा सांगितलं. चौथ्यांदा मी रिसीव्हर असा आपटला की त्याला चीर गेली. बाकड्यावरच्या पोटुशा बाया माझ्याकडे बघत राहिल्या. "गेल्या बाई! बघता काय?" असं त्यांच्यावरही ओरडले आणि मग औषधांच्या खोलीत जाऊन, कपाटावर डोकं टेकून, हुंदके देऊन रडले. सव्वा महिना झाला त्याला. राग अजून उतरलेला नाही. कुणावरचा राग, ते विचारू नका... मलाच ठाऊक नाही.

नलिनी डॉक्टर म्हणजे रत्नागिरीत गाडीतळाजवळच्या आमच्या प्रसूतिगृहाच्या मालकीण. मी तिथली नर्स, सतरा वर्षं. सगळे त्यांना बाई म्हणत, आणि त्या मला मंदे म्हणत. रागावल्या की मंदाकिनी. "चार चांगल्या आठवणी लिहा," असा निरोप वर्तमानपत्राच्या पुरवणीकडून आला. चांगल्या म्हणजे कसल्या? बाई काही गोड माणूस नव्हत्या. हातातली कात्री भिंतीवर फेकणारी बाई होती ती. बायकोला कळा येत असताना बाहेर पत्ते कुटणाऱ्या नवऱ्याची कॉलर धरून त्याला आत ओढून आणताना मी पाहिलंय. "बघ! डोळे मिटलेस तर थोबाडीत देईन!" म्हणाल्या होत्या त्याला. आणि तो गडी मेणाहून मऊ होऊन बायकोचा हात धरून बसला होता. मीही काही कमी नाही म्हणा, म्हणून तर आमचं पटलं.

पंच्याऐंशीच्या सुमाराला बाईंनी सोनोग्राफीचं मशीन आणलं. कपाटाएवढं धूड, वर छोटासा काळा-पांढरा पडदा. खेड्यातल्या बाया त्याला 'पोटातला टीव्ही' म्हणायच्या. पोटाला थंडगार जेली लावली की किंचाळायच्या आणि पडद्यावर बाळाचं हृदय लुकलुकायला लागलं की एकदम गप्प व्हायच्या. बाळाचं डोकं केवढं, पोट केवढं, मांडीचं हाड केवढं, भोवती पाणी किती, ते हलतंय कसं, हे बाई मोजायच्या आणि मी कागदावर लिहायची. पोर उपाशी आहे का, गुदमरतंय का, हे बघायला ते मशीन होतं. मुलगा की मुलगी विचारायला एक बागाईतदार हापूसची पेटी घेऊन आला, तर बाईंनी ती पेटी पायरीवरून रस्त्यावर भिरकावली. आंबे गडगडत गटारात गेले आणि तो गृहस्थ त्यांच्यामागून.

आता आमच्याकडची एक रीत सांगते, तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. इथल्या निम्म्या बायकांचे नवरे मुंबईला. ते येणार गणपतीला, शिमग्याला, फार तर मे महिन्यात. त्यामुळे शेवटची पाळी कधी आली असं विचारलं की बाया तारीख सांगतच नाहीत. "गणपतीत राह्यलं," म्हणतात, किंवा "शिमग्याचं हाय." नवरा आला तो दिवस, तीच तारीख. आम्हीही केसपेपरवर 'गणपती' असंच लिहायचो आणि कॅलेंडरवरून आठवडे काढायचो. हिशेब सहसा चुकायचा नाही. पण त्याच हिशेबात एका बाईची अब्रू टांगलेली असते, हे आमच्या डोक्यात कधी आलं नाही. शेवंती येईपर्यंत नाही आलं!

शेवंती पावसच्या अलीकडच्या एका वाडीतली. वीस-एकवीस वर्षांची, पहिलटकरीण, हातापायाच्या नुसत्या काड्या. नवरा दत्ताराम मुंबईला गोदीत. एप्रिलच्या शेवटी सासू तिला घेऊन आली. "पोट वाढत नाय हिचं," सासू म्हणाली, "बगा तुमच्या टीव्हीत." सासू स्टुलावर बसली, मी जेली लावली. गणपतीपासून मोजलं तर चौतीस आठवडे भरत होते. बाईंनी मापं घेतली, परत घेतली, कपाळाला आठ्या घातल्या आणि पडद्याकडे बघतच मोठ्यांदा बोलून गेल्या, "मंदे, हे तर अठ्ठावीस आठवड्यांचं दिसतंय गं. सहा आठवडे कमी." मी लिहून घेतलं. "पंधरा दिवसांनी परत आणा, वाढतंय का बघू," बाईंनी सांगितलं. सासूचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता एवढं मी पाहिलं. मला वाटलं, जप करतेय.

ती मोजत होती. गणपतीच्या विसर्जनानंतर सहा आठवडे म्हणजे दिवाळी, आणि दिवाळीत तिचा मुलगा घरी आलाच नव्हता. पोर दिवाळीचं, म्हणजे पोर आपल्या मुलाचं नाही! मशीनने सांगितलं, शिकलेल्या डॉक्टरीणबाईने सांगितलं, मग आणखी काय पुरावा हवा? त्याच आठवड्यात मुंबईला पत्र गेलं.

पंधरा दिवस झाले, शेवंती आली नाही. सोळाव्या दिवशी, भर दुपारी, शेजारणीने तिला रिक्षात आडवी घालून आणली. एक डोळा सुजून बंद झालेला, खालचा ओठ फाटलेला, हातावर वेताचे वळ... आणि पोटावर, बेंबीच्या उजवीकडे, टाचेचा निळा डाग. शेजारीण सांगत होती, "दत्तारामानं मुंबैवरनं येऊन लाथ घातलान वो बाई, सगल्यांदेखत घातलान. 'दिवालीचं हाय' म्हणत व्हता. सासूनं दार लावून घेतलं." शेवंती मात्र एवढंच विचारत होती, "हलत नाय ना? सकालधरनं हललं नाय." त्या निळ्या डागावर मला जेली लावावी लागली.

बाईंनी मापं घेतली. हृदय चालू होतं, पण रखडत, मध्येच बुडी मारल्यासारखं. पाणी जवळजवळ नव्हतंच. आणि मग बाईंचा चेहरा असा उतरला की मी तो जन्मात विसरणार नाही. "डोकं पुढे गेलंय मंदे," त्या हळू म्हणाल्या, "पोट तिथल्या तिथे आहे. वयाने लहान नव्हतं गं ते. उपाशी होतं! मिळेल तेवढं डोक्याला पुरवत होतं. गणपतीचंच आहे हे... आणि मी हिच्या सासूसमोर आकडा बोलले." मशीन माप सांगतं, वय सांगत नाही. हे बाईंना माहीत नव्हतं थोडंच? मला रोज शिकवायच्या. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, हे शहाण्यांचंही होतं.

ऑपरेशनची तयारी करतोय तोवर दत्ताराम दोन भावांना घेऊन हजर. दाराची काच त्याने कोपराने फोडली. "माजी बायको हाय, घरी नेतो! दुसऱ्याचं पोर माज्या जिवावर जन्माला घालताय काय?" बाई शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दारात दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या, पाच फुटांच्याही नसतील त्या. "माझी चूक झाली, पोर तुझंच आहे," असं त्या सांगत होत्या, पण ऐकतो कोण? त्याने स्टूल उचललं आणि हाणलं. बाईंच्या भुवईवर बसलं, रक्ताची धार डोळ्यात, पण दार काही त्यांनी सोडलं नाही. मग माझं डोकं फिरलं. हाताशी लोखंडी बेडपॅन होतं, भरलेलं होतं, आणि ते मी तसंच दत्तारामच्या तोंडावर घातलं. एकदा नाही, तीनदा. त्याचा दात तुटला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं! भाऊ त्याला ओढून बाहेर घेऊन गेले, बाकड्यावरच्या बायांनी चपला मारून त्यांना फाटकापर्यंत पोचवलं. पोलिसांत तक्रार दिली. ते प्रकरण अजून कोर्टात लोंबकळतंय.

बाईंनी भुवईला फडकं बांधलं आणि तशाच उभ्या राहून शेवंतीचं पोट उघडलं. आतलं उरलंसुरलं पाणी हिरवं झालेलं, पोर आत गुदमरल्याची खूण. मुलगी निघाली. दीड किलोलाही कमी, म्हाताऱ्यासारखा सुरकुतलेला चेहरा, मांड्यांवर लोंबणारी कातडी. पण नखं बोटांच्या टोकापर्यंत आलेली. बाईंनी तिची पावलं उलटी करून दिव्याखाली धरली. बोटांपासून टाचेकडे रेघाच रेघा. "सातव्या महिन्यातल्या पोराचा तळवा गुळगुळीत असतो," बाई म्हणाल्या, "ही नऊ महिन्यांची आहे. बघ, बघ की मंदे!" मी बघत होते. त्या मला नाही, स्वतःला दाखवत होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी पोर गेली. शेवंतीने तिला मांडीवरून खाली ठेवू दिलं नाही, शेवटी बाईंनीच आईची बोटं एकेक करून सोडवली. न्यायच्या आधी त्यांनी माझ्याकडून शिक्क्याच्या शाईचं पॅड मागून घेतलं आणि ती दोन पावलं केसपेपरवर उमटवली.

एवढ्यावर भागलं नाही. दत्ताराम जामिनावर सुटला आणि निवाड्याला वाडीत गावकी बसायची ठरली. घाट असा, की शेवंतीला घराबाहेर काढायचं आणि तिच्या माहेरालाही वाळीत टाकायचं, म्हणजे विहीर बंद, होळीचा मान बंद, मयताला खांदा बंद. म्हातारा बाप आमच्याकडे येऊन बाईंच्या पायांवर डोकं आपटत होता. बाई म्हणाल्या, "मंदे, चल." मी म्हटलं, "चूक झाली म्हणून तिथे सांगितलंत तर या मशीनवर कोण विश्वास ठेवील? दवाखान्याला कुलूप लागेल." त्या जोरात ओरडल्या, "मग लागू दे!"

देवळाच्या सभामंडपात चाळीसेक पुरुष बसलेले. बायका बाहेर, कठड्याशी. शेवंती तिच्या बापाच्या मागे, टाके अजून ओले होते तिचे. बाई चपला काढून सरळ मधोमध जाऊन उभ्या राहिल्या, भुवईवर पट्टी तशीच. "मशीन चुकलं नाही. मी चुकले," त्या म्हणाल्या. "पोर भुकेने बारीक राहिली होती, मी तिला कोवळी समजले आणि न विचारता बोलले. ही पोर गणपतीची होती." आणि पावलांच्या ठशांचा तो कागद त्यांनी गावकीच्या प्रमुखाच्या हातात दिला. "तुमच्यात कुणाच्या घरी सात महिन्यांचं मूल जन्मलं असेल, तर त्याच्या आईला विचारा तळवा कसा होता." बाहेरून एका म्हातारीने सांगितलं, "गुलगुलीत. लोन्यासारका." दुसरी म्हणाली, "खरं हाय." ती दत्तारामची आईच होती... तिच्या तोंडून ते कसं निघालं, तिचं तिला कळलं नसेल. मग तीच मटकन खाली बसली.

कागद हातोहात फिरत दत्तारामकडे आला. तो बघत राहिला. एवढीएवढी पावलं ती. मग त्याने पायात नसलेल्या चपलेसाठी हात खाली नेला, सापडली नाही, तेव्हा बाहेर धावला, पायरीवरची कुणाचीतरी चप्पल उचलून स्वतःच्या तोंडावर मारायला लागला. नाकातून रक्त आलं तरी थांबेना. चौघांनी धरलं. तेव्हा शेवंती उभी राहिली. माणसांच्या सभेत एवढ्या मोठ्याने बोललेली बाई त्या देवळाने पाहिली नसेल. "सोडा त्याला," ती म्हणाली. "मारून घेऊ दे." आणि बापाचा हात धरून माहेरच्या वाटेला लागली. माहेराला कुणी वाळीत टाकलं नाही. सासरी ती पुन्हा गेली नाही. आता पावसला आंब्याच्या बागेत कामाला असते, असं ऐकते.

दवाखान्याचं मात्र मी म्हटलं तसंच झालं. 'बाईंचं मशीन चुकतं' ही बातमी दापोलीपर्यंत गेली. पावसाळाभर बाकडी रिकामी होती. बाई रोज सकाळी मशीन सुरू करून त्याच्यासमोर बसायच्या. एकदा मी म्हटलं, "तुमच्यामुळे नाही मेली ती, दत्तारामने मारली." त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "दोघांनी." मला तेव्हा त्यांचा संताप आला होता. आज येत नाही. हळूहळू माणसं परत आली, पण तेव्हापासून बाईंचा नियम झाला. सासू असो, आई असो, नवरा असो, मशीनच्या खोलीत पोटुशी सोडून कुणी नाही. आकडा आधी तिला सांगायचा, तिच्या कानात, आणि बाहेर काय सांगायचं ते तिला विचारायचं. सासवा भांडायच्या, बाई त्यांच्या तोंडावर दार आपटायच्या.

मागच्या आठवड्यात नवे डॉक्टर रुजू झाले. तरुण आहेत, हुशार आहेत, मुंबईला शिकलेत. पहिलीच पेशंट लांज्याकडची, सोबत सासू आणि नणंद, आणि यांनी तिघींनाही आत घेतलं. माणूस चांगला, म्हणून खुर्च्यासुद्धा दिल्या. मी चालवून घेतलं, म्हटलं नवीन आहेत. त्यांनी मापं घेतली, पुन्हा घेतली, कपाळाला आठ्या घातल्या आणि पडद्याकडे बघतच म्हणाले, "सिस्टर, तारखेप्रमाणे एकतीस आठवडे म्हणताय, पण हे तर..." मी जेलीने बरबटलेला हात त्यांच्या तोंडावर दाबून धरला. चांगला घट्ट. चष्मा वाकडा झाला त्यांचा. सासू "अगो बाय!" करून उठली. तिला आणि नणंदेला मी दंडाला धरून बाहेर काढलं, दार लावलं, कडी घातली. डॉक्टर रुमालाने तोंड पुसत माझ्याकडे बघत होते, बहुतेक मला कामावरून काढायचा विचार करत असतील. टेबलावरच्या पोरीने माझा पदर मुठीत धरला होता.

"हं," मी म्हटलं, "आता बोला. तिला सांगा."