साखरेच्या गोदामातले लोखंडी गोळे

शहादेवाच्या दिवसाची सुरुवात दुसऱ्यांच्या थुंकीनं होई. कारखान्याच्या जुन्या साखर-गोदामात व्यायामशाळा निघाली, तेव्हापासून तिथली झाडलोट त्याच्याकडं होती. सकाळी कुलूप काढलं की रबरी गाद्यांचा घामट, आंबूस वास अंगावर येई. कोपऱ्यात गुटख्याच्या पिचकाऱ्या, आरशावर तेलकट बोटं, मोरीत कुणीतरी उघडा टाकलेला नळ. गावात टँकर चौथ्या दिवशी येई. इथं पोरं नुसती चूळ भरायला बादलीभर पाणी सांडत. तो वास हातांना असा चिकटे की दुपारी भाकरीचा घास तोंडाशी नेताना शहादेवाला मळमळून येई.

दोन वर्षं पाऊस नाही म्हणून ऊस नाही, ऊस नाही म्हणून कारखाना बंद. त्या बंद कारखान्याच्या सर्वसाधारण सभेत चेअरमन सुंदररावांनी ‘सभासदांच्या आरोग्यासाठी’ व्यायामशाळेचा ठराव मांडला आणि तो टाळ्यांत मंजूर झाला. सभासद राहिले पाण्याच्या रांगेत. व्यायामाला येत ते सुंदररावांचे पुतणे आणि त्यांचे सोबती. तिथं कडी असलेले लोखंडी गोळे आणले होते; पोरं त्यांना केटलबेल म्हणत. आरशासमोर गोळा उचलायचा, फोटो काढायचा, गोळा धाडकन टाकून द्यायचा, की झाला व्यायाम.

शहादेवाला घोर होता तो कमरेचा. गेल्या हंगामात परमुलखात ऊसतोडीला गेला असताना उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना त्याच्या कमरेत चमक भरली आणि तो नऊ दिवस खोपीत पडून राहिला. भिवराबाईनं एकटीनं ऊस तोडला, मोळ्या बांधल्या, वाहिल्या. नवरा-बायको मिळून एक कोयता. अर्धा कोयता कुणी नेत नाही. मुकादम सुग्रीवनं तेव्हाच सांगून टाकलं होतं, “भादव्यात टोळी ठरवायला येतो. मारुतीम्होरली नाल उचललीस तर तुमचं नाव. न्हाई तर मी दुसरा कोयता बघतो.”

नाल म्हणजे मधे मूठ कोरलेला दगडाचा गोल, अर्धा क्विंटल भरेल एवढा. शहादेवाच्या बापाच्या वेळेपासून टोळी त्या दगडावर ठरे. आणि तो उचलायची एकच रीत गावाला मान्य होती: गुडघे ताठ, कंबर वाकवून, दात खाऊन. गुडघा वाकवला की गडी कच्चा. निम्म्या गावाच्या कमरा या रीतीनं कामातून गेल्या होत्या, तरी रीत कुणी सोडली नव्हती.

व्यायामशाळेत पहिला महिनाभर शहरातून एक मास्तर शिकवायला येई. पोरांचं लक्ष मोबाइलमध्ये; शहादेवाच्या हातात फडकं आणि कान मास्तरकडं. एकदा बादली उचलताना त्याचं तोंड वेडंवाकडं झालेलं मास्तरनं पाहिलं.

“मामा, कमरेनं नका उचलू. बूड मागं न्या, पाठ सरळ ठेवा, पाय रोवून उभे राहा. जोर बुडातून आणि मांड्यांतून येतो. हात नुसते दोर समजा.”

“आमी तर आजवर कमरेनंच उचलत आलो.”

“म्हणून तर ती गेली.”

महिन्यानं मास्तर यायचा बंद झाला. शहादेवानं मात्र धरून ठेवलं. पोरं यायच्या आधी, फरशी पुसून झाली की आधी नुसतंच वाकून उठायचं. पंधरा दिवसांनी आठ किलोचा गोळा, मग बारा, मग सोळा, शेवटी चोवीस. दोन्ही पायांमधून तो मागं झुलवायचा आणि बुडाच्या झटक्यानं छातीपर्यंत आणायचा. मागं जाताना श्वास आत, वर येताना बाहेर. दहा वेळा केलं की दम खायचा, पुन्हा दहा. पाच महिन्यांत मूठ घट्ट झाली, धाप कमी झाली, अंथरुणातून उठताना कुशीवर वळून हात टेकावा लागे, तेही सुटलं. वस्तूत खोट नव्हती. खोट होती ती तिच्याभोवती थुंकणाऱ्यांत, आणि फडकं पिळताना ती त्याच्या बोटांवर उतरत होती.

“कण्हणं थांबलं तुमचं,” भिवराबाई म्हणाली. “कावून? त्या थुंकीच्या खोलीत औषध मिळतंय का?”

“लोखंड हलवतो.”

“घागरी हलवा की. घरात पाणी तरी येईल.”

दुसऱ्या दिवसापासून टँकरवरच्या घागरी तोच उचलू लागला, बूड मागं नेऊन.

भादव्यात सुग्रीव वही घेऊन मारुतीपुढच्या पारावर बसला. शेजारी पांढऱ्या कपड्यांत सुंदरराव. पहिल्या तिघांनी दात खाऊन नाल उचलली. तिसरा उचलून झाल्यावर बराच वेळ कमरेवर हात ठेवून उभा राहिला. मग शहादेव पुढं झाला. पाय रोवले, बूड मागं नेलं, गुडघे वाकवले.

“बे शहादेव, म्हशीखाली बसायलास का बे?” सुग्रीव म्हणाला. पारावरचे सगळे हसले. “गुडघे ताठ कर.”

“मागल्या साली ताठच होते. नऊ दिवस खोपीत पडलतो त्यापायी.”

त्यानं श्वास घेतला. नाल जमिनीवरून सुटली, छातीला लागली, क्षणभर तिथं राहिली. आवाज न करता त्यानं ती खाली ठेवली आणि कुणी न सांगता पुन्हा उचलली.

सुग्रीवनं वही उघडली. “कसं उचललं त्याच्याशी मला काय करायचंय? मोळी वर गेल्याशी मतलब.” त्यानं लिहिलं, शहादेव-भिवरा, एक कोयता.

सुंदरराव उठून आले. “आमच्या व्यायामशाळेचा गडी हाय. ये, नाल हातात घे. फोटो कारखान्याच्या अहवालात छापू.” फोटोसाठी तोंड मोकळं करायला त्यांनी गुटख्याची पिचकारी त्या दगडाशेजारीच टाकली आणि शहादेवाच्या खांद्यावर हात ठेवला. अत्तर आणि गुटखा यांचा मिळून एक वास आला.

शहादेवानं खांदा काढून घेतला. खिशातली गोदामाची किल्ली पारावर ठेवली.

“फोटोपरीस ही ठेवा, साहेब. आता आमी टोळीत. पोरायला सांगा, आपली थुंकी आपण पुसा.”

जाताना त्यानं वाटेतली मूठभर माती घेऊन दोन्ही तळवे चोळले. पाणी कुठलं वाया घालवायचं. घरी भिवराबाईनं भाकरी पुढं ठेवली. त्यानं आधी हात हुंगले, मग जेवला.